अक्षरांचे कारखानदार : कै. जावजी दादाजी

सीमाभागातील जुन्या वाचनालयांत संस्कृत ग्रंथांचे कपाट उघडले, की निर्णयसागर, मुंबई हे नाव पुनःपुन्हा समोर येते. पान उघडावे, तर मूळ श्लोक जाड, काळ्याभोर, ठसठशीत अक्षरांत आणि त्याखाली टीका बारीक अक्षरांत. कोणता शब्द कवीचा आणि कोणता टीकाकाराचा, हे वाचकाला क्षणात कळते. ही सोय ज्या कारखान्यातून घरोघर पोचली, त्याचे संस्थापक कै. जावजी दादाजी चौधरी यांचे स्वतःचे शालेय शिक्षण मात्र बेताचेच होते.

जावजींचा जन्म 1839 साली मुंबईत गरीब कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली लागले. काम खिळे घासण्याचे, वेतन दरमहा दोन रुपये. हे काम हलके समजले जाई. पण छपाईचे अर्धे यश त्यावर अवलंबून असते. ओतून निघालेल्या खिळ्याची उंची केसभर जरी कमीअधिक राहिली, तरी ते अक्षर कागदावर फिके उठते किंवा कागद फाडते. पोराच्या बोटांनी हे गणित शाळेविना आत्मसात केले. पुढे टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश अशा छापखान्यांतून अनुभव घेत त्यांनी 1864 मध्ये स्वतःचा लहानसा ओतकामाचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला.

गणपत कृष्णाजींनी 1831 मध्येच पंचांग छापून मुद्रणाची वाट घालून दिली होती. तथापि पुष्कळ काम शिळाछापाचे होते. सुटे, सुबक आणि विकत मिळणारे देवनागरी खिळे ही वेगळीच गरज होती. ती भागविण्यात जावजींना साथ लाभली राणोजी रावजी आरू यांची. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ती कांब कडक करून तांब्यावर ठोकायची आणि त्या साच्यात शिशाचा मिश्र रस ओतायचा, असा हा क्रम. त्यातील कोरीव काम राणोजींचे. ग्रंथांवर नाव जावजींचे झळकले. त्यामागचा हात राणोजींचा होता, याची आठवण फार थोड्यांनी ठेवली.

जाड अक्षर घडविणे हे बारीक अक्षर फुगविण्याइतके सोपे नसते. देवनागरीचे वळण बोरूच्या तिरक्या टोकातून आले आहे. रेघ सरसकट दुप्पट केली, तर ध, घ, भ यांच्या पोटातली पांढरी जागा शाईने बुजते आणि वाचक अडखळतो. म्हणून जाडी उभ्या दांड्यात व वळणाच्या पोटात घ्यावी लागते, जोडाच्या जागी रेघ निमुळती ठेवावी लागते. शिवाय शिरोरेघेवर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. या सर्वांना श्वास घ्यायला जागा हवी. रोमन लिपीचा संच शंभरएक खिळ्यांत भागतो. देवनागरीला जोडाक्षरांसह कित्येकशे लागतात आणि प्रत्येक आकारासाठी सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या ठळक अक्षरांचा संच काढणे म्हणजे भांडवल अडकवून ठेवणेच होते.

जावजींनी ते अडकवले. केवळ विद्याप्रेमापोटी, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ते पक्के व्यापारी होते. पण व्यापारातला नफा त्यांनी चोख कामात घातला. वि. कों. ओक यांचे ‘बालबोध’ मासिक 1881 पासून त्यांच्याकडे छापले जाऊ लागले. 1886 मध्ये पं. दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ सुरू झाली. आपल्याला जे अवगत नव्हते ते जाणत्या पंडितांकडे सोपवण्याचा समंजसपणा जावजींपाशी होता, आणि मुद्रिते शुद्ध असावीत हा हट्टही.

ठळक अक्षराचा वापर पोथीपुरता राहिला नाही. नाटकाची जाहिरात, जत्रेचे पत्रक, दुकानाचे दरपत्रक यांना लांबून वाचता येणारे अक्षर हवेच असते. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. 1880 मध्ये त्यांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतर नाटकमंडळ्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर हस्तपत्रकेही. खिळे विकत मिळू लागल्यामुळे मुंबईबाहेरच्या लहान छापखानदाराला स्वतः कोरीव काम करवून घेण्याची गरज उरली नाही. सीमाभागात मराठी मुद्रण रुजले, त्यामागे अशा तयार खिळ्यांचा आधार आहे. बेळगावात 1919 मध्ये ‘तरुण भारत’ निघाले, तोवर ठळक मथळा ही वाचकाच्या डोळ्यांना सवयीची गोष्ट झाली होती.

संगणकावर अक्षरे जुळू लागल्यावर ते खिळे वितळले. मात्र लग्नपत्रिका, पाट्या आणि भित्तिपत्रके यांवर जुन्या वळणाचे जाड अक्षर आता पुन्हा हौसेने काढले जाते. काढणाऱ्यांनी एकदा निर्णयसागरचे पान समोर ठेवून ‘ध’चे पोट पाहावे, किती जाड करावे याहून कुठे थांबावे, हे तिथे दिसते.

5 एप्रिल 1892 रोजी जावजींचे निधन झाले. कारखाना त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी सांभाळला आणि ‘काव्यमाला’ पुढेही निघत राहिली. त्या काळच्या प्रतींचा कागद आता पिवळा पडला आहे, हात लावताच कडा तुटतात. टीकेची बारीक ओळ वाचायला भिंग लागते, मूळ श्लोक मात्र हातभर अंतरावरूनही वाचता येतो.