विश्लेषण : चर्चमध्येही वेगळी पंगत… तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीतील जातीचा पेच श्वार्ट्झ यांनी कसा हाताळला?

तंजावर म्हटले की आपल्याला आठवतात ते व्यंकोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख. याच मराठी राज्यात अठराव्या शतकात एक जर्मन लुथरन पाळक राहत होता. राजाने त्याच्यावर विश्वास टाकला, हैदर अलीनेही टाकला. मात्र त्याच्या स्वतःच्या मंडळीतला एक वाद त्याला अखेरपर्यंत पुरता मिटवता आला नाही. तो वाद होता, चर्चमध्ये कोणी कुठे बसायचे आणि प्रभुभोजनाच्या प्याल्याला आधी कोणी ओठ लावायचे याचा.

श्वार्ट्झ कोण होते?

ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ चा, प्रशियातील सोनेनबुर्ग गावचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. हाले येथे शिकत असतानाच ते तमिळ शिकले. १७५० मध्ये ते डॅनिश वसाहत असलेल्या तरंगमबाडीत उतरले आणि पुन्हा युरोपात गेलेच नाहीत. पुढे तिरुचिरापल्ली आणि १७७८ पासून कायमचे तंजावर. ते लुथरन होते, पण पगार इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेचा. त्या काळी याचे कुणाला फारसे वावडे नव्हते. तंजावरच्या दरबारात दुभाष्याविना बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले.

त्यांचा शब्द इतका वजनदार का होता?

१७७९ मध्ये मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करायला धाडले. हैदरने दिलेले पैसे त्यांनी स्वतःकडे न ठेवता अनाथ मुलांच्या शाळेला दिले. पुढे युद्ध पेटल्यावरही त्यांना हैदरच्या मुलखातून निर्धोक फिरता येत होते. दुष्काळासाठी त्यांनी आधीच तांदूळ भरून ठेवला होता. अधिकाऱ्यांच्या जुलमाला कंटाळून गाव सोडून गेलेली सुमारे ७,००० माणसे केवळ त्यांच्या शब्दावर परत आली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. तुळजाराजांनी तर १७८७ मध्ये मृत्युशय्येवर दत्तक पुत्र सरफोजींना त्यांच्या हवाली करू पाहिले.

मग मंडळीत नेमका पेच काय होता?

जमीनजुमला असलेले वेल्लाळ आणि अस्पृश्य मानले गेलेले परैयार, दोघेही ख्रिस्ती झाले होते. पण चर्चमध्ये एका बाजूला वेल्लाळ, दुसऱ्या बाजूला परैयार. प्रभुभोजनातही वेल्लाळांचा मान पहिला. तंजावरच्या फौजेतला परैयार शिपाई राजनायकन लुथरन झाला आणि उत्तम उपदेशक ठरला. तरीही त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली नाही, कारण त्याच्या हातून वेल्लाळ प्रभुभोजन घेणार नाहीत ही धास्ती होती. ही गोष्ट श्वार्ट्झ येण्याआधीची, पण तो पेच त्यांच्या वाट्याला आला.

माझे गाव माकणी. तिथून तंजावर सरळ रेषेत साधारण साडेआठशे किलोमीटर. पण मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही पंगतीत कोण कुठे बसतो याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बायबल याबाबत काय सांगते?

इथेच खरी गुंतागुंत आहे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी खाऊनपिऊन सुखी असलेले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यावर पौलाने पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात खडसावले, की एकमेकांसाठी थांबा. गलतीकरांस पत्रात तो दास आणि स्वतंत्र हा भेदच नाकारतो. पण रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात तोच पौल दुबळ्या विश्वासाच्या भावाला सांभाळून घ्यायला सांगतो. आता यातला दुबळा कोण? विटाळाची भीती न सुटलेला वेल्लाळ, की वर्षानुवर्षे मागे बसवलेला परैयार?

श्वार्ट्झ यांनी काय केले?

त्यांनी हुकूम काढला नाही. बसण्याची जागा हा लौकिक रिवाज आहे, शिकवणुकीने तो हळूहळू झिजेल, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे भर राहिला तो सकाळ-संध्याकाळच्या शिकवणीवर आणि उपदेशकांच्या तयारीवर. ते हयात असेपर्यंत मंडळी फुटली नाही, हे त्यांचे यश. मात्र १७९० मध्ये त्यांनी दीक्षा दिलेले सत्यनाथन वेल्लाळच होते. शांतता टिकली ती राजनायकनसारख्यांच्या सोसण्यावर, हे विसरून त्यांच्या संयमाचे कौतुक करता येत नाही.

त्यांच्यानंतर काय झाले?

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी गादीवर आलेल्या सरफोजींनी प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरचे श्वार्ट्झ आणि शेजारी सरफोजी, असे ते शिल्प आहे. इकडे चर्चमध्ये तरुण मिशनऱ्यांनी सर्वांनी एकत्र बसावे असा आग्रह धरला. श्वार्ट्झ यांच्याच हाताखाली वाढलेले तमिळ कवी वेदनायगम शास्त्री त्याविरुद्ध उभे राहिले. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद तत्काळ बंद करण्याचा आदेश दिला आणि वेल्लाळ मोठ्या संख्येने बाहेर पडले. १८४० च्या दशकात आलेल्या जर्मनीच्या लाइपझिग लुथरन मिशनचे धोरण मवाळ होते, त्यामुळे त्यांतले अनेक तिकडे गेले.

वेदनायगम यांना मिशनने १८२९ मध्येच कामावरून काढले होते. तेव्हा त्यांना आश्रय मिळाला तो तंजावरच्या दरबारात, सरफोजींकडे.