न सांगितलेली गोष्ट

चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या कादंबऱ्यांतून असंख्य गरीब, निराधार मुलांची दुःखे जगापुढे मांडली. स्वतःच्या बालपणीच्या दारिद्र्याविषयी मात्र त्यांनी वर्षानुवर्षे अवाक्षरही काढले नाही.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्समथ या बंदराच्या गावी झाला. वडील जॉन डिकन्स आरमाराच्या वेतन कार्यालयात कारकून होते. माणूस प्रेमळ, परंतु मिळकतीपेक्षा खर्च नेहमीच अधिक. १८२२ मध्ये हे कुटुंब लंडनला आले, तेव्हा कर्जाचा बोजा वाढतच होता. चार्ल्सची शाळा सुटली. घरातील चीजवस्तू गहाण ठेवण्याचे आणि आवडती पुस्तके विकून येण्याचे काम त्याच्याच वाट्याला आले.

१८२४ च्या फेब्रुवारीत, बारा वर्षे पूर्ण होताच, त्याला थेम्स नदीकाठच्या एका बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लावण्यात आले. इमारत जुनाट, कुजलेली, उंदरांनी भरलेली. पॉलिशच्या बरण्यांवर आधी तेलकट व मग निळा कागद घालायचा, दोऱ्याने बांधायचा, कडा कातरायच्या आणि वर कारखान्याच्या नावाची चिठ्ठी डकवायची. मजुरी आठवड्याला सहा शिलिंग. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुमारे ४० पौंडांच्या कर्जापायी वडिलांना मार्शलसीच्या तुरुंगात जावे लागले. त्या काळी कर्जदाराचे कुटुंबही तेथे त्याच्यासोबत राहू शके. आई व धाकटी भावंडे तिकडे गेली. चार्ल्स बाहेर भाड्याच्या जागेत एकटा राहू लागला. पैसे आठवडाभर पुरावेत म्हणून तो त्यांच्या सहा सारख्या पुड्या बांधी व प्रत्येकीवर वार लिहून ठेवी.

कारखान्यातील मुलांना त्याने यातले काहीच कळू दिले नाही. कामात तो कोणाच्या मागे राहिला नाही. पण वागण्याबोलण्यात अंतर राखून असे. मुलेही त्याला छोटा साहेब समजत.

त्यांच्यात बॉब फेगिन नावाचा, वयाने थोडा मोठा, आईवडील नसलेला मुलगा होता. दोऱ्याची गाठ कशी मारावी, हे पहिल्या दिवशी त्यानेच चार्ल्सला शिकवले. एकदा काम करताना चार्ल्सच्या कुशीत असह्य कळा येऊ लागल्या. बॉबने त्याला गवतावर निजवले आणि रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस त्याची कूस शेकली. संध्याकाळी चार्ल्सला बरे वाटू लागले, तरी त्याला एकट्याने घरी जाऊ देण्यास बॉब तयार होईना. आणि आईवडील होते तुरुंगात! चार्ल्सने नाना सबबी सांगून पाहिल्या. अखेर साउथवर्क पुलाजवळच्या एका परक्या घराच्या पायऱ्यांवर थांबून, हेच आपले घर असे भासवून त्याने बॉबचा निरोप घेतला. बॉबने मागे वळून पाहिले तर संशय येऊ नये, म्हणून दारही ठोठावले. दार उघडणाऱ्या बाईंना रॉबर्ट फेगिन येथेच राहतात का, असे विचारून त्याने वेळ मारून नेली.

हा प्रसंग वाचताना क्षणभर हसू येते. स्वतः पोरका असलेला बॉब मित्राच्या गरिबीला खचितच हसला नसता. परंतु लाज माणसाला एवढा विचार करू देत नाही.

मे महिन्यात वडील सुटले. पुढे चार्ल्सचे कामही थांबले व तो पुन्हा शाळेत जाऊ लागला. त्याने कामावर परतावे, असे आईचे मत होते. ते त्याच्या मनात कायमचे सलत राहिले. घरात त्या दिवसांचा उल्लेखही होईनासा झाला.

पुढे डिकन्स कीर्तीच्या शिखरावर पोहोचले. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील चोरांच्या म्होरक्याला त्यांनी फेगिन हे नाव दिले. उपकारकर्त्याचे नाव अशा पात्राला का द्यावे, हे एक कोडेच आहे. १८४७ च्या सुमारास त्यांचे स्नेही जॉन फॉर्स्टर यांनी त्या कारखान्याच्या दिवसांविषयी सहज काही विचारले. डिकन्स कित्येक मिनिटे गप्प राहिले. फॉर्स्टर यांनी पुन्हा विचारले नाही. काही आठवड्यांनी मात्र डिकन्स आपणहून बोलले आणि पुढे त्या दिवसांची हकिकत लिहून त्यांनी ते कागद या मित्राच्या हाती सोपवले. त्यातलाच बराच भाग ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये निराळ्या नावांनी आला.

मुलांना मात्र ते कधीच सांगू शकले नाहीत. १८६९ च्या नाताळात घरची मंडळी स्मरणशक्तीचा खेळ खेळत होती. आधीचे सर्व शब्द म्हणून प्रत्येकाने एकेक नवा शब्द जोडायचा. आपली पाळी येताच डिकन्स यांनी एका बूटपॉलिशवाल्याचे नाव व पत्ता उच्चारला. त्यांचे डोळे चमकले, आवाजही काहीसा बदलला. पण त्याचा अर्थ कोणाला उमगला नाही. पुढल्याच वर्षी, ९ जून १८७० रोजी, डिकन्स यांचे निधन झाले. नंतर फॉर्स्टर यांनी लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा तो पत्ता कशाचा होता हे मुलांना समजले.