जॉर्ज वेस्टिंगहाउस: वेगवेगळ्या सिस्टिम एकत्र आणणारा माणूस

घरातला स्मार्ट बल्ब झिगबीवर चालत असेल, तर तुमचा फोन त्याच्याशी सहसा थेट बोलू शकत नाही. फोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ असतं, बल्बमध्ये झिगबी. म्हणून मध्ये एक छोटा डबा लागतो, ज्याला आपण हब किंवा गेटवे म्हणतो. एकीकडची भाषा समजून घ्यायची आणि दुसरीकडे तिच्या भाषेत सांगायचं, एवढंच त्याचं काम. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि अशाच गेटवेंसाठी कोड लिहितो. पण दिव्यांच्या जगात हा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधी आला होता. तो ज्याने मोठ्या प्रमाणावर सोडवून दाखवला, त्या जॉर्ज वेस्टिंगहाउसबद्दल आज बोलूया.

आधी ब्रेक, मग वीज

वेस्टिंगहाउसचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात झाला. वडिलांचा शेतीची यंत्रं बनवण्याचा कारखाना होता, त्यामुळे लहानपण अवजारांतच गेलं. अमेरिकन यादवी युद्धात तो सैन्यात होता. परत आल्यावर कॉलेजला गेला, पण काही महिन्यांतच सोडून दिलं.

त्या काळी रेल्वे थांबवायची म्हणजे माणसं डब्यांच्या छतांवरून पळत जाऊन प्रत्येक डब्याचा ब्रेक हाताने आवळायची. बरेच जण पडून मरायचे. १८६९ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, वेस्टिंगहाउसने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. आता इंजिनमधूनच अख्खी गाडी थांबवता येऊ लागली.

मला त्याची खरी हुशारी पुढच्या गोष्टीत दिसते. ब्रेकचे सगळे भाग एकाच मापाचे आणि अदलाबदल करता येण्याजोगे असावेत, यावर तो अडून बसला. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या गाडीला जोडला तरी ब्रेक लागलाच पाहिजे. आज आपण याला स्टँडर्ड म्हणतो.

एसी, डीसी आणि दिव्यांचा गोंधळ

१८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कमध्ये डीसी विजेवर दिवे लावले. अडचण एकच होती. ही वीज दीड-दोन किलोमीटरच्या पुढे परवडत नव्हती. एसीचं व्होल्टेज मात्र ट्रान्सफॉर्मरने वाढवता येतं, लांब नेता येतं आणि घराजवळ कमी करता येतं. १८८६ मध्ये वेस्टिंगहाउसचा इंजिनिअर विल्यम स्टॅनलीने ग्रेट बॅरिंग्टन गावात हे करून दाखवलं. १८८८ मध्ये वेस्टिंगहाउसने निकोला टेस्लाच्या एसी मोटरची पेटंटही घेतली.

पण तोवर प्रत्येकाची सिस्टिम वेगळी झाली होती. जुनी दिव्यांची एसी सुमारे १३३ हर्ट्झवर चालायची, टेस्लाच्या मोटरला त्याहून बरीच कमी फ्रिक्वेन्सी हवी होती, ट्राम डीसीवर धावत होत्या. शहरांनी आधीच पैसे ओतले होते. एवढं सगळं भंगारात काढा, असं कुणाला सांगणार?

उत्तर मिळालं १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात. दिव्यांचं काम वेस्टिंगहाउसने जनरल इलेक्ट्रिकपेक्षा कमी बोली लावून मिळवलं. एडिसनच्या बल्बचं पेटंट आडवं आलं, तेव्हा त्याने काचेचं बूच लावलेला वेगळ्या रचनेचा बल्ब बनवून घेतला. पण आपल्यासाठी महत्त्वाचं होतं ते वीज विभागातलं त्याचं प्रात्यक्षिक. तिथे एकाच एसी जनरेटरच्या विजेवर दिवे, एसी मोटर आणि डीसी उपकरणंही चालत होती. डीसीसाठी मध्ये रोटरी कन्व्हर्टर होता. हे फिरणारं यंत्र एका बाजूने एसी घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने डीसी द्यायचं. गेटवेच म्हणा ना!

त्यानंतर नायगरा धबधब्याच्या जनरेटरचं कंत्राट त्याला मिळालं. नोव्हेंबर १८९६ मध्ये तिथली एसी वीज बफेलो शहरात पोहोचली आणि कन्व्हर्टरमधून डीसी होऊन तिथल्या ट्रामना मिळाली.

आपण यातून काय घ्यायचं?

आजच्या दिव्यांकडे पाहा. नाटकाच्या स्टेजवरचे दिवे डीएमएक्स ५१२ वर चालतात, ऑफिसमधले बरेचदा डालीवर. डीएमएक्स ब्राइटनेस ० ते २५५ मध्ये सांगतो, डाली ० ते २५४ मध्ये. डीएमएक्स सेकंदाला सुमारे ४४ वेळा अख्खी यादी पाठवू शकतो. डालीचा वेग मात्र फक्त १२०० बिट प्रति सेकंद. म्हणून गेटवेने नुसते आकडे बदलून भागत नाही. कुठला मेसेज पुढे जाऊ द्यायचा आणि कुठला गाळायचा, हेही त्यालाच ठरवावं लागतं. नाहीतर डालीच्या वायरवर मेसेजची रांग लागते आणि बटण दाबल्यावर दिवा उशिरा लागतो. कन्व्हर्टरमध्ये थोडी ऊर्जा वाया जायची, गेटवेत थोडी माहिती आणि वेळ जातो. जोडणी फुकट मिळत नाही. पण ती नसेल तर जुनं सगळं फेकून नवं घ्यायचा खर्च ग्राहकाच्या माथी येतो.

वेस्टिंगहाउसचा शेवट मात्र गोड नव्हता. १९०७ च्या आर्थिक संकटात त्याची इलेक्ट्रिक कंपनी कर्जात बुडाली आणि पुढच्या काही वर्षांत तिची सूत्रं त्याच्या हातून गेली. गंमत म्हणजे १९११ साली एसीवरच्या कामासाठी त्याला मेडल मिळालं, आणि त्याचं नाव होतं एडिसन मेडल! १२ मार्च १९१४ ला तो वारला. तोवर त्याच्या नावावर ३६१ पेटंट जमा झाली होती.

आणि एडिसनच्या डीसीचं काय झालं? न्यूयॉर्कच्या वीज कंपनीने शेवटची डीसी लाइन बंद केली थेट नोव्हेंबर २००७ मध्ये. म्हणजे पहिला आयफोन आला, त्याच वर्षी. जुनी सिस्टिम एका दिवसात मरत नाही, तिच्यासोबत बरीच वर्षं काढावी लागतात. आज रात्री फोन चार्जिंगला लावाल तेव्हा चार्जरकडे एकदा बघा. भिंतीतली एसी घेऊन फोनला डीसी देणारा तो छोटा ठोकळा त्याच जुन्या कन्व्हर्टरचं काम करतोय.