आचार्य विनोबा भावे आणि काटकसरीचा सण

नाताळ जवळ आला कीं पेण-रोह्याकडील आमच्या ख्रिस्ती घरांतून एकच विवंचना सुरू होते. मुलांस नवे कपडे हवेत, करंज्या व केक हवेत, पाहुण्यांची ऊठबस नीट व्हावयास हवी; आणि मिळकत तर तेवढीच! आम्हीं स्वतः एके वर्षीं उसनवार करून हा सण थाटानें साजरा केला. मुलांचे ते कपडे फाटले, तरी तें ऋण फिटलें नव्हतें. म्हणून सण कसा करावा हें ज्यांच्या बाळपणापासून शिकतां येईल, अशा पेण तालुक्यांतच जन्मलेल्या एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही आज बालवाचकांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

विनायक नरहर भावे, म्हणजेच आचार्य विनोबा, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजीं गागोदें ह्या खेड्यांत झाला. आजचा रायगड जिल्हा तेव्हां कुलाबा ह्या नांवानें ओळखला जाई. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. मुलें आई रुक्मिणीबाई व आजोबा शंभुराव यांच्यापाशीं वाढत होतीं. गणेशचतुर्थीस ह्या घरीं विकतच्या मूर्तीची गरज पडत नसे. मुलें सहाणेवर चंदन उगाळीत आणि त्या गंधाची मूर्ति आजोबा आपल्या हातांनीं घडवीत. ज्या पेणच्या गणेशमूर्ति आज दूरदूरच्या गांवीं जातात, त्याच तालुक्यांतील ही गोष्ट आहे.

घरीं फणस पिकला म्हणजे आई प्रथम पानांच्या द्रोणांत गरे भरून लहानग्या विन्याच्या हातीं शेजारींपाजारीं पाठवी. घरच्या मुलांची पाळी त्यानंतर येई. आधीं द्यावें आणि मग खावें, हा त्या माउलीचा नेम होता.

दिवाळीस वडील बडोद्याहून घरीं येत. एके वर्षीं ते मिठाई आणतील असें आईनें सांगून ठेविलें होतें. वडिलांनीं एक पुडकें विन्याच्या हातीं दिलें. तें चौकोनी लागलें, तेव्हां लाडू किंवा पेढे नव्हेत, बर्फी असेल, असें त्यास वाटलें. उघडून पाहतो तों आंत दोन पुस्तकें! एक मुलांसाठीं लिहिलेलें रामायण व दुसरें तसेंच महाभारत. तो तीं घेऊन आईकडे धांवला. पुस्तकें पाहून तिचे डोळे पाण्यानें भरले. ह्याहून गोड मिठाई असूं शकत नाहीं, असें तिनें मुलास समजाविलें. विनोबांस ती भेट जन्मभर विसरतां आली नाहीं. बर्फी असती तर ती दुसऱ्या दिवशीं संपली असती.

पुढें १९१६ साली परीक्षेची वाट सोडून ते काशीस गेले व त्याच वर्षीं महात्मा गांधींच्या आश्रमांत दाखल झाले. १९१८ साली आई वारली. तिला संस्कृत येत नसल्यामुळें गीता मराठींत हवी होती. ती तिची इच्छा त्यांनीं १९३०-३१ मध्यें ‘गीताई’ रचून पुरी केली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड झाली. १९५० साली पवनार येथें पैशावांचून, केवळ स्वतःच्या श्रमावर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनीं आरंभिला. पुढच्याच वर्षीं, १८ एप्रिल १९५१ रोजीं, तेलंगणांतील पोचमपल्लीस भूमिहीनांनीं जमीन मागितली असतां रामचंद्र रेड्डी ह्या गृहस्थांनीं १०० एकर जमीन देऊं केली, आणि त्यांतून भूदानाची चळवळ उभी राहिली. सुमारें १३ वर्षें हा मनुष्य भारतभर पायीं फिरला. शेजाऱ्याच्या दारीं गऱ्यांचा द्रोण नेणारा मुलगाच तो. आतां तो ज्यांच्यापाशीं आहे त्यांस दुसऱ्यासाठीं द्रोण भरावयास सांगत होता. १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं पवनार येथें त्यांनीं देह ठेविला.

विनोबा ख्रिस्ती नव्हते. तरी नव्या कराराचा त्यांनीं आदरानें अभ्यास केला व त्यांतील वचनें निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ हा ग्रंथ सिद्ध केला. आपण तर त्या प्रभूचे म्हणवितों, ज्याच्या जन्मकाळीं पाळणासुद्धां नव्हता, गव्हाण होती.

तेव्हां मुलांनो, यंदा बाबांनीं आणलेलें पुडकें लहान निघालें, तर तोंड वांकडें करूं नका. तें त्यांनीं कोणत्या घामाच्या पैशांतून आणलें, हें मनांत आणा. कागदाचा तारा व गवताची गव्हाण घरींच करा. आणि आईबापांस आमची विनंति अशी कीं, करंज्या थोड्या झाल्या तरी चालतील, परंतु पहिलें ताट शेजारीं जावें आणि सावकाराच्या दारीं जाण्याचा प्रसंग येऊं नये. मुलास एकच वस्तु द्यावयाची असेल, तर ती जन्मभर पुरेल अशी द्यावी. गागोद्याच्या त्या घरीं दोन लहान पुस्तकांनीं दिवाळी गोड झाली होती. आपला नाताळहि तसा होईल.