विल्यम लॅम्बटन

लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन (जन्म : इ.स. १७५३ ते १७५६ च्या दरम्यान, क्रॉस्बी ग्रेंज, यॉर्कशायर, इंग्लंड. मृत्यू : २० जानेवारी, इ.स. १८२३, हिंगणघाट) हे ब्रिटिश सैनिक, भूमापक व भूगणितज्ञ होते. इ.स. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्यांनी सुरू केलेले मोजणीचे काम पुढे भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण या नावाने प्रसिद्ध झाले. भारतीय उपखंडातील कोणत्याही दोन ठिकाणांची मोजमापे एकाच गणिती चौकटीत बसवता येतील, अशी व्यवस्था या सर्वेक्षणाने निर्माण केली. रस्ते, कालवे, लोहमार्ग व बंदरे यांचे आराखडे, तसेच आजची संगणकीय स्थापत्य प्रतिमाने, याच प्रकारच्या सामाईक चौकटीवर उभी असतात. लॅम्बटन यांचे निधन व दफन महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात झाले.

प्रारंभिक जीवन

लॅम्बटन यांचा जन्म उत्तर यॉर्कशायरमधील एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. नॉर्थअ‍ॅलर्टन येथील शाळेत शिकत असताना त्यांनी गणितात विशेष गती दाखवली. इ.स. १७८१ मध्ये ते ३३ व्या पायदळ पलटणीत दाखल झाले आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धासाठी त्यांना पाठवण्यात आले. त्याच वर्षी यॉर्कटाउन येथे ब्रिटिश फौजेने शरणागती पत्करली, तेव्हा तेही युद्धकैदी झाले.

सुटकेनंतर त्यांनी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात सुमारे तेरा वर्षे काढली. तेथे त्यांना जमिनीच्या मोजणीचा अनुभव मिळाला व पुढे त्यांच्याकडे छावणीच्या इमारतींची व्यवस्था आली. या संथ नोकरीत मिळालेला मोकळा वेळ त्यांनी उच्च गणित आणि भूगणित यांच्या अभ्यासाला दिला. सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. पुढे ज्यांचे सारे आयुष्य दुर्बिणीतून कोन मोजण्यात गेले, त्या लॅम्बटन यांनी हे काम एकाच निरोगी डोळ्याने केले.

भारतात आगमन

इ.स. १७९६ नंतर त्यांची पलटण भारतात आली. तिचे प्रमुख आर्थर वेलस्ली हे होते. इ.स. १७९९ च्या टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत लॅम्बटन सहभागी होते. एका रात्रीच्या कूचात सैन्य चुकीच्या दिशेने, शत्रूच्या छावणीकडे जात असल्याचे त्यांनी ताऱ्यांच्या स्थितीवरून ओळखले व सेनापतीस सावध केले.

श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर मोठा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. त्याची मोजणी करण्यासाठी लॅम्बटन यांनी एक व्यापक योजना मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे विणावे, सर्व स्थानिक मोजण्या त्यात बसवाव्यात आणि त्याच श्रमात पृथ्वीचा नेमका आकारही ठरवावा, अशी ती योजना होती. वेलस्ली यांचा पाठिंबा असल्याने मद्रास सरकारने ती मान्य केली. मात्र खर्चाविषयीचे आक्षेप पुढेही येत राहिले. मद्रासहून श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरे, त्यासाठी खगोलशास्त्र कशाला, अशा आशयाचा आक्षेप एका अधिकाऱ्याने घेतल्याचे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये नकाशाकार जेम्स रेनेल यांनी योजनेच्या गरजेबद्दल शंका घेतली, तर राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी तिचे महत्त्व पटवून दिले.

मद्रासची आधाररेषा

त्रिकोणीकरणाचे तत्त्व साधे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते ती एकच रेषा. त्यानंतर फक्त कोन. मात्र त्या पहिल्या रेषेत राहिलेली चूक पुढील प्रत्येक त्रिकोणात उतरते. म्हणून आधाररेषेच्या मोजणीला असाधारण काळजी लागते.

लॅम्बटन यांनी ही रेषा मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळच्या सपाट मैदानावर इ.स. १८०२ च्या एप्रिल-मे महिन्यांत मोजली. तिची लांबी सुमारे साडेसात मैल होती. यासाठी वापरलेली १०० फुटांची पोलादी साखळी लंडनचे प्रसिद्ध कारागीर जेसी रॅम्सडेन यांची होती. ती मुळात मॅकार्टनी यांच्या शिष्टमंडळाबरोबर चीनच्या सम्राटास भेट देण्यासाठी नेलेल्या वस्तूंपैकी होती. साखळी लाकडी खोक्यांत, तिपाईंच्या आधारावर ताणून धरली जाई आणि शेजारी तापमापके ठेवली जात. उष्णतेने पोलाद किंचित प्रसरण पावते. एका साखळीत हा फरक डोळ्यास दिसत नसला, तरी सुमारे चारशे वेळा साखळी टाकल्यावर तो साचतो. म्हणून प्रत्येक वेळी तापमान नोंदवून लांबीत दुरुस्ती केली जाई.

कोन मोजण्यासाठी लंडनच्या विल्यम कॅरी यांनी घडवलेला सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट मागवण्यात आला. तो घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले व उपकरण मॉरिशसला नेले. त्याचा शास्त्रीय उपयोग ध्यानात आल्यावर फ्रेंच अधिकाऱ्यांनी ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले.

द्वीपकल्पाची रुंदी व तंजावरचा अपघात

मद्रासपासून मंगळूरपर्यंत त्रिकोणांची साखळी पूर्ण झाली, तेव्हा त्या अक्षांशावर द्वीपकल्पाची रुंदी प्रचलित नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी भरली. पूर्वीचे नकाशे प्रवासातील अंतरे व सुटी खगोलीय निरीक्षणे जोडून केलेले होते. प्रत्येक नकाशा आपल्यापुरता ठीक वाटे. एकमेकांना जोडले की मात्र चूक उघड होई.

यानंतर लॅम्बटन यांनी ७८° पूर्व रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर साखळी हाती घेतली. हीच पुढे महान कंस म्हणून ओळखली गेली. तमिळ प्रदेशातील सपाट मैदानात टेकड्या नाहीत आणि नारळी-ताडांमुळे दूरचे दिसत नाही. म्हणून मंदिरांच्या उंच भागांचा निरीक्षणासाठी उपयोग करण्यात आला. इ.स. १८०८ मध्ये भोसले घराण्यातील सरफोजी राजे दुसरे यांच्या तंजावरात, मोठ्या मंदिरावर थिओडोलाइट चढवत असताना दोर तुटला. उपकरण भिंतीवर आपटले व त्याचे कोनदर्शक वर्तुळ वाकले. नवे उपकरण इंग्लंडहून येण्यास फार काळ लागला असता. लॅम्बटन यांनी स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ थोडे थोडे ओढून पूर्ववत केले. हेच उपकरण पुढेही वापरात राहिले.

या मोजणीमागे शेकडो खलाशी, निशाणधारी व भारवाहक यांचे श्रम होते. डोंगरमाथ्यांवर वाटा काढणे, मोहरा उभारणे व निशाण धरून दिवसचे दिवस थांबणे ही कामे तेच करीत. तापाच्या साथी व वन्य पशू यांमुळे यात अनेकांचे बळी गेले. त्यांपैकी फारच थोड्यांची नावे कागदोपत्री आली. सहायकांमध्ये जोशुआ डी पेनिंग यांनी दीर्घकाळ साथ दिली.

लॅम्बटन यांनी आपले आकडे व पद्धती वेळोवेळी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या आणि लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध केल्या. त्यामुळे युरोपातील गणितज्ञांना ते तपासता आले. इ.स. १८१७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

अखेरची वर्षे

इ.स. १८१८ मध्ये हे काम मद्रास सरकारकडून गव्हर्नर-जनरलच्या अखत्यारीत आले व त्यास महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट हे मुख्य सहायक म्हणून हैदराबाद येथे रुजू झाले. कन्याकुमारीजवळच्या ८° अक्षांशापासून बिदरच्या परिसरातील १८° अक्षांशापर्यंत, सुमारे दहा अंशांचा कंस लॅम्बटन यांच्या हयातीत मोजून झाला.

इ.स. १८२२ च्या अखेरीस त्यांनी हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवण्याचे ठरवले. वय सत्तरीच्या घरात होते व क्षयाने शरीर पोखरले होते. या प्रवासात, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले.

एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले. १८°०३′ ते २४°०७′ या अक्षांशांमधील कंसाचा त्यांचा ग्रंथ इ.स. १८३० मध्ये प्रसिद्ध झाला. या मोजणीवरून पृथ्वीचा ध्रुवांपाशी किंचित चपटा असलेला गणिती आकार निश्चित करण्यात आला. तो एव्हरेस्ट विवृत्ताभ या नावाने ओळखला जातो. इ.स. १८४१ पर्यंत महान कंस हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचला.

कोकण किनारा

लॅम्बटन यांच्या आडव्या साखळीचे पश्चिम टोक मंगळूर हे होते. मालवणच्या किनाऱ्यावर त्यांनी स्वतः मोजणी केली नाही. मालवण इ.स. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून कंपनीकडे आले. त्यानंतर इ.स. १८२० च्या दशकात दक्षिण कोकणाची मोजणी अभियंता अधिकारी थॉमस बेस्ट जर्व्हिस यांनी केली. पुढे किनाऱ्याला समांतर त्रिकोणमालिका विणून हा पट्टा अखिल भारतीय जाळ्यास जोडण्यात आला. त्यामुळे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे जुने सर्वेक्षण नकाशेही लॅम्बटन-एव्हरेस्ट परंपरेतील चौकटीवरच आधारलेले आहेत.

संगणकीय आराखड्यांतील महत्त्व

आज पूल, धक्का किंवा महामार्ग यांचे त्रिमितीय प्रतिमान संगणकावर तयार होते. भूमापक, रचनाकार, कंत्राटदार व शासकीय विभाग यांच्यात ते फाइलींच्या रूपाने फिरते. फाइल उघडणे व तिच्यातील आकड्यांचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या विवृत्ताभावर, कोणत्या प्रक्षेपात व कोणत्या उंचीच्या संदर्भाने आकडे दिले आहेत हे सांगितले नसेल, तर अचूक मोजलेली दोन प्रतिमानेही एकमेकांवर बसत नाहीत.

भारतात इ.स. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वसामान्य वापराचे नकाशे एव्हरेस्ट विवृत्ताभाऐवजी उपग्रहाधारित डब्ल्यूजीएस-८४ या संदर्भप्रणालीवर व यूटीएम प्रक्षेपात काढले जाऊ लागले. मालवणच्या परिसरात या दोन पद्धतींनी दिलेले एकच अक्षांश-रेखांश जमिनीवर शंभर मीटरांच्या आसपास वेगळे ठिकाण दाखवतात. जुन्या नकाशावरून उतरवलेली खाडीची कड उपग्रहीय मोजणीवर तशीच ठेवली, तर पुलाचा खांब पाण्याऐवजी काठावर, किंवा काठाऐवजी पाण्यात दिसू शकतो.

यूटीएम प्रक्षेपात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केलेले आहेत. ४३ व ४४ या पट्ट्यांची सीमा ७८° पूर्व रेखांशावर, म्हणजे महान कंसाच्या जवळूनच जाते. मालवण ४३ व्या पट्ट्यात येते, तर लॅम्बटन यांचे समाधिस्थान असलेले हिंगणघाट ४४ व्या पट्ट्यात. पाच लाख मीटर हे पूर्वेकडील अंतर ४३ व्या पट्ट्यात ७५° रेखांशावर पडते, तर ४४ व्या पट्ट्यात ८१° रेखांशावर. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर हा फरक सहाशे किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणून पट्ट्याची ओळख फाइलीबरोबरच द्यावी लागते. त्यासाठी ईपीएसजी क्रमांक वापरतात : डब्ल्यूजीएस-८४ वरील उत्तर गोलार्धाच्या ४३ व्या पट्ट्यासाठी ३२६४३ व ४४ व्यासाठी ३२६४४. इमारती व पायाभूत सुविधांच्या प्रतिमानांची देवाणघेवाण करण्यासाठी असलेल्या आयएफसी या खुल्या प्रमाण स्वरूपात, चौथ्या आवृत्तीपासून अशा भूसंदर्भाची नोंद करण्याची सोय आहे.

किनारी भागात उंचीचा प्रश्नही असाच आहे. जमिनीवरील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. नौकानयनाच्या नकाशातील खोली मात्र ओहोटीच्या नीचतम पातळीजवळच्या संदर्भापासून देतात. उपग्रहीय यंत्र तर विवृत्ताभापासूनची उंची दाखवते आणि कोकण किनाऱ्यावर ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहून पन्नास मीटरांपेक्षा अधिक वेगळी असते. धक्क्याचे प्रतिमान करताना या तिन्ही मोजण्या आधी एका संदर्भावर आणाव्या लागतात.

स्मृती

हिमालयातील सर्वोच्च शिखरास इ.स. १८६५ मध्ये एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. ज्या साखळीमुळे त्या शिखराची उंची मोजणे शक्य झाले, तिचा आरंभ करणारे लॅम्बटन मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिले. इ.स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन के यांच्या ग्रंथाने व इ.स. २००२ मध्ये सर्वेक्षणास दोनशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने त्यांच्या कार्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. त्यांची समाधी हिंगणघाट येथे आहे.