अण्णांचं वय मोजा!

आमच्या महिला मंडळात पंचेचाळिशीतली कुणी म्हणाली की आता आपलं काय राहिलंय, तर मी तिला महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं वय मोजायला लावते. अण्णा १८५८ सालचे. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. आश्रम हिंगण्याला गेल्यावर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला तिथून पुण्यात पायी ये-जा केली. चालायची सवय तिथलीच असावी! महिला विद्यापीठ काढलं १९१६ ला, कॉलेजातून निवृत्त झाल्यावर. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, हे गृहस्थ विद्यापीठासाठी चक्क जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. परत येतात न येतात तोच आफ्रिका! आपल्याला शेजारच्या गावी जायचं तर गुडघे आठवतात.

हे सगळं जमलं ते घरात बाया कर्वे होत्या म्हणून, हेही सांगायला हवं. त्या स्वतः विधवा होत्या, अण्णांशी पुनर्विवाह केला. संसार ओढून आश्रमासाठी देणग्याही मागितल्या.

अठ्ठ्याहत्तरीत, १९३६ ला, अण्णांनी खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ काढलं. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. १९५८ ला भारतरत्न मिळालं तेव्हा शंभरी गाठली होती. त्यानंतरही चार वर्षं होतेच!