देवमाशाचं ताट तपासणारा माणूस

माणसाचे पूर्वज म्हणे कधीकाळी पाण्यात राहायचे, म्हणून आपल्या अंगावर केस कमी! असं सांगणारं रील तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेलं असेल. ही कल्पना १९६० मध्ये जाहीरपणे मांडली ती सर ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने. बहुतेक शास्त्रज्ञांना ती पटली नाही, इंटरनेटला मात्र जाम आवडली. त्यामुळे झालं काय, की हार्डी यांचं खरं काम मागेच पडलं. अंटार्क्टिकाच्या समुद्रातून माणसाने किती ओरबाडावं आणि त्याने तिथल्या प्राण्यांच्या पोटावर पाय येतो का, हे मोजायला ज्या मोहिमेने सुरुवात केली, तिचे ते मुख्य प्राणिशास्त्रज्ञ होते. आज त्यांच्याबद्दल सांगायचंय ते यासाठी.

जन्म १८९६ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. वडील आर्किटेक्ट. ऑक्सफर्डला प्रवेश घेतला आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. चित्रकला चांगली होती, म्हणून सैन्यात शत्रूच्या नजरेपासून वस्तू लपवण्याच्या, म्हणजे कॅमोफ्लाजच्या कामासाठी त्यांची निवड झाली. ही चित्रकला आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिली. फोटोपेक्षा त्यांची जलरंगातली चित्रं त्या काळचा समुद्र जास्त नीट दाखवतात, असं माझं मत.

युद्धानंतर पदवी घेतली आणि पहिली नोकरी लागली लोस्टॉफ्ट या मासेमारीच्या बंदरावर, सरकारी मत्स्य विभागात. काम काय? हेरिंग माशांची पोटं फाडून त्यांनी काय खाल्लंय ते बघायचं. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा भाऊबंद. तुम्ही म्हणाल, ही काय नोकरी! पण यातूनच १९२४ मध्ये त्यांनी एक आकृती छापली. हेरिंगचं अगदी लहान पिल्लू काय खातं, मोठा झालेला मासा काय खातो, आणि त्या खाण्याचं स्वतःचं खाणं काय, असे बाणच बाण. बायोलॉजीच्या पुस्तकात आपण जे अन्नजाळं पाठ करतो ना, त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक. मासा मोजायचा असेल तर आधी त्याचं ताट मोजा, हा हार्डी यांचा खाक्या इथे पक्का झाला.

त्याच सुमाराला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला वेगळाच प्रकार चालू होता. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन इथे १९०४ मध्ये देवमाशांची शिकार करणारं पहिलं केंद्र उभं राहिलं आणि बघता बघता तिथे कारखान्यांची रांग लागली. देवमासा किनाऱ्यावर ओढायचा, चरबी सोलायची, उकळून तेल काढायचं. त्या तेलाचा साबण व्हायचा, मार्गारिन व्हायचं. युरोपातल्या लाखो घरांत पावाला जे लावलं जायचं, त्यात अंटार्क्टिकातला देवमासा होता. बेट ब्रिटिशांच्या ताब्यात, त्यामुळे तेलावर कर होता. हे असंच चाललं तर देवमासे संपतील आणि करही बुडेल, हे सरकारच्या लक्षात आलं. मग त्याच कराच्या पैशातून संशोधन सुरू झालं. नाव ठेवलं डिस्कव्हरी इन्व्हेस्टिगेशन्स.

इथे जरा थांबा. मारलेल्या देवमाशांच्या पैशावर देवमाशांचा अभ्यास! आपल्याला हे विचित्र वाटतं. पण हार्डी आणि त्यांचे सहकारी शिकार बंद करायला निघाले नव्हते, हे सरळ सांगायला हवं. किती मारले तर धंदा टिकेल, एवढाच सरकारचा प्रश्न होता. आजच्या चष्म्यातून त्यांना पर्यावरणवादी वगैरे ठरवायची घाई करू नका.

मोहिमेचे प्रमुख होते स्टॅन्ली केम्प. त्यांची आधीची बरीच वर्षं कोलकात्यात, आपल्याकडच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण विभागात गेली होती. जहाज मिळालं ते डिस्कव्हरी, १९०१ मध्ये बांधलेलं, कॅप्टन स्कॉट यांच्या पहिल्या अंटार्क्टिक सफरीतलं. लाकडी, शिडांचं, हळू चालणारं आणि भयंकर डोलणारं. १९२५ मध्ये ते निघालं आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये साउथ जॉर्जियाला पोचलं.

कामाची वाटणी झाली होती. मॅकिन्टॉश आणि व्हीलर हे दोघे कारखान्याच्या फरशीवर, रक्ताच्या चिखलात उभे राहून मेलेले देवमासे मोजायचे. लांबी किती, मादी गाभण आहे का, पोटात काय. दोन वर्षांत दीड हजाराहून जास्त देवमासे त्यांनी तपासले. पोटात सापडायचं ते जवळजवळ एकच, क्रिल. आपला जवळा असतो ना, तसाच दिसणारा पण आकाराने बोटाएवढा जीव. पंचवीस-तीस मीटर लांबीचा निळा देवमासा जगतो तो यावर.

हार्डी यांचा प्रश्न पुढचा होता. हे क्रिल समुद्रात कुठे असतं, किती असतं, का असतं? अडचण अशी, की जहाज थांबवून जाळं सोडलं तर तुम्हाला त्या एका ठिकाणचं कळतं. क्रिल तर थव्याथव्याने फिरतं. इथे खच्चून भरलंय, थोडं पुढे गेलात तर काहीच नाही. दहा ठिकाणी जाळं टाकलं आणि दहाही वेळा थवा चुकला, तर समुद्र रिकामा आहे असं लिहून मोकळे व्हाल.

म्हणून त्यांनी एक यंत्र बनवलं, कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर. ऐकायला भारी, पण आत शिरलात तर इतकं साधं आहे की मजा वाटते. साधारण मीटरभर लांबीची धातूची पेटी, जहाजामागे दोरीला बांधून ओढायची. पुढच्या छोट्या भोकातून पाणी आत शिरतं आणि रेशमी जाळीच्या पट्टीतून गाळून मागे जातं. पाण्यातले बारीक जीव पट्टीवर अडकतात, वरून दुसरी पट्टी येऊन त्यांना सँडविचसारखं दाबते आणि सगळं गुंडाळत फॉर्मॅलिनच्या टाकीत जातं. पट्टी फिरवायला वीज नाही, मोटर नाही. मागे एक पंखा असतो, तो पाण्याच्या जोराने फिरतो आणि गिअर चालवतो. म्हणजे जहाज जितकं पुढे, तितकी पट्टी पुढे. बंदरावर आल्यावर पट्टी उलगडली की कुठल्या मैलावर काय होतं, ते ओळीने हजर!

मोहीम १९२७ मध्ये परतली. हार्डी आणि त्यांचे सहकारी गुंथर यांचा साउथ जॉर्जियाच्या प्लँक्टनवरचा जाडजूड अहवाल छापून आला १९३५ मध्ये. देवमाशांचं ताट कसं भरतं, हे पहिल्यांदा इतकं तपशिलात कळलं.

आणि देवमाशांचं काय झालं? डिस्कव्हरी निघालं त्याच १९२५ मध्ये लान्सिंग नावाचं नॉर्वेचं जहाज अंटार्क्टिकाकडे निघालं होतं. त्याच्या मागच्या बाजूला उतार होता, त्यावरून अख्खा देवमासा डेकवर ओढून घेता यायचा. किनाऱ्याची गरजच संपली. म्हणजे ब्रिटिशांचा परवाना नको, कर नको, आणि फरशीवर टेप घेऊन उभे असलेले शास्त्रज्ञही नकोत. १९३०-३१ च्या एका हंगामात अंटार्क्टिक समुद्रात २९ हजारांहून जास्त निळे देवमासे मारले गेले. हार्डी यांचा अहवाल तेव्हा छापूनही झाला नव्हता. मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त टोचतं ते हे. अभ्यास करणारे आळशी नव्हते, खोटे नव्हते, फक्त मारणाऱ्यांचा वेग जास्त होता. साउथ जॉर्जियातले कारखाने १९६० च्या दशकात बंद पडले, तोवर एकट्या त्या बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास देवमासे कापले गेले होते. बंद पडले कारण मारायला देवमासे उरले नव्हते.

हार्डी मात्र यंत्राच्या मागेच लागले होते. १९२८ मध्ये हल इथे प्राध्यापक झाले आणि १९३१ पासून त्यांनी ते सुधारलेलं यंत्र नॉर्थ सीमधल्या नेहमीच्या मालवाहू जहाजांना बांधायला सुरुवात केली. खास जहाज नको, खलाशीच पेटी सोडणार आणि काढणार. पुढे ॲबर्डीन, मग ऑक्सफर्ड, १९५७ मध्ये सर ही पदवी. उतारवयात लोकांच्या आध्यात्मिक अनुभवांचा अभ्यास करायचं केंद्र काढलं आणि त्यासाठी १९८५ चा टेम्पलटन पुरस्कार जाहीर झाला. तो स्वीकारण्याआधीच मे महिन्यात ते गेले, वय ८९. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवरची जागतिक बंदी लागू झाली ती त्याच्या पुढच्या वर्षी.

ती पेटी अजून समुद्रात आहे. १९९१ पासून ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने ती अंटार्क्टिक समुद्रातही ओढली जाते. आणि पट्टी अजून रेशमाचीच वापरतात. नायलॉन स्वस्त पडेल, पण मग जुन्या आकड्यांशी नवे आकडे जुळवता येणार नाहीत. पट्टी किती हिरवी झाली हेसुद्धा आजही रंगांच्या तक्त्याशी ताडून डोळ्यांनीच ठरवतात. जपून ठेवलेल्या जुन्या पट्ट्यांतून १९६० च्या दशकातलं बारीक प्लास्टिक सापडलं, जे तेव्हा कुणी शोधतही नव्हतं.

साउथ जॉर्जियाभोवती आता निळे देवमासे पुन्हा दिसू लागलेत. २०२० च्या पाहणीत ते डझनांनी नोंदवले गेले. पण आता तिथे जहाजं येतात ती थेट क्रिलसाठी. ते मत्स्यखाद्यात जातं, ओमेगा-३ च्या कॅप्सूलमध्ये जातं. १९८२ मध्ये लागू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय करारानुसार पकडीवर मर्यादा आहे. अटलांटिकच्या बाजूला ती वर्षाला ६ लाख २० हजार टन. भारतही या कराराचा सदस्य आहे. जहाजांवर निरीक्षक असतात. किनाऱ्यावर शास्त्रज्ञ पेंग्विनची पिल्लं मोजतात, त्यांची वजनं घेतात, आई-बापांनी पिल्लांसाठी काय आणलंय ते बघतात. टनांचा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तिथल्या एकूण क्रिलच्या मानाने लहान आहे. वाद आहे तो जागेचा. जहाजं जातात ती क्रिल दाट असेल तिथे, म्हणजे नेमकी पेंग्विन आणि देवमासे जेवायला येतात त्याच ठिकाणी.